पेटी घट्ट बंद, तरी बंदुकीवर गंज: दर खंडेनवमीला तेच का होतं?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पेटी उघडायची आणि नळीवर तांबूस भुकटी बघायची. मग दोन-तीन तास तेल, चिंध्या आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसायचं. दुसऱ्या दिवशी पूजा, संध्याकाळी बंदूक परत पेटीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आमच्या राजापूर तालुक्यातल्या घरात हे सलग सहा वर्षं चाललं.

बंदूक पणजोबांच्या वेळची आहे. एकनळी, ठासणीची (दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची), केप म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी लावून उडवायची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात राहिली, आता परवाना माझ्या नावावर आहे. आबांनी ती चाळीसेक वर्षं माजघरातल्या लाकडी कपाटात, कापडात गुंडाळून ठेवली होती. तेव्हाही थोडाफार गंज धरायचा, पण नळीला खड्डे पडले नव्हते. खड्डे पडले ते मी चांगली महागाची पेटी आणल्यावर. जाड प्लास्टिकची, झाकणाला रबरी गॅस्केट, आत करड्या फोमच्या दोन गाद्या, चार कड्या, दोन कुलपं. पाण्यात टाकली तरी थेंब आत जाणार नाही अशी. ही पेटी आणून मी बंदुकीची सोय केली असं मला मनापासून वाटत होतं. ते का चुकलं हे कळायला सहा वर्षं गेली. ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांची बंदूक आहे, जुनी दुनळी आहे किंवा जे हौसेने जुनी हत्यारं जमवतात, त्यांची तेवढी वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी एक तपासणी, गंजाकडे बघण्याच्याही आधी. ठासणीची जुनी बंदूक भरलेली असू शकते. कोणीतरी कधीतरी रानडुकरासाठी ठासली, बार उडवायची वेळ आली नाही, आणि ती तशीच खुंटीला लागली, असं अनेक घरांत घडलेलं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेट घेते. नळीचं तोंड स्वतःपासून आणि माणसांपासून दूर ठेवून गज, म्हणजे बार ठासायची लांब काठी, हळूच आत सोडा, जिथे थांबेल तिथे तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. त्याचं टोक केप बसवायच्या निपलापर्यंत किंवा रंजकाच्या भोकापर्यंत पोचलं पाहिजे. चार-पाच बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. मग पुढे काहीही करू नका, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या. घरी उकरून, तापवून किंवा फुंकून बघू नका.

आता गंज. मी पहिली पाच वर्षं गंज दिसला की पुसत होतो. सहाव्या वर्षी पुसायच्या आधी फोटो काढले, आणि त्या फोटोंनीच निम्मं उत्तर दिलं. गंज कुठे आहे यावरून तो कशामुळे आला हे बरंचसं कळतं.

माझ्या नळीवर तो सगळीकडे सारखा नव्हता. खालच्या बाजूला, फोमला टेकलेल्या पट्ट्यात दाट, आणि वरच्या गादीच्या उंचवट्यांच्या खुणा ओळीने ठिपक्यांसारख्या. म्हणजे फोम जिथे लागतो तिथे गंज. ही पहिली खूण. दुसरी, दस्त्याच्या वर, नळी जिथे हातात धरतो तिथे तीन लांबट डाग. माझीच बोटं, आदल्या वर्षीची. घामातलं मीठ धातूवर राहिलं की हवेतली ओल खेचून घेतं आणि इतर भाग कोरडा असतानाही तेवढाच भाग गंजत राहतो. तिसरी खूण निपलाभोवतीची. तिथे गंज खोल होता. जुन्या केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तो तेलाने निघत नाही, पाण्यानेच विरघळतो. शेवटचा बार झाल्यावर गरम पाण्याने न धुता नुसतं तेल लावलेली बंदूक आतून वर्षानुवर्षं खात राहते.

आणि चौथी खूण, जी ओळखायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. घोड्याच्या बाजूला कुलपाच्या (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पेटीच्या कुलपाच्या नव्हे) पट्टीवर एक गोल, बोटाच्या पेराएवढा खड्डा. दरवर्षी तिथेच. ते कुंकू होतं. आई ओलं कुंकू लावते, वर हळद, अक्षता, पाण्याचा शिंतोडा, झेंडूची पाकळी. पूजा झाली की आम्ही फुलं काढायचो, पण कुंकू तसंच राहू द्यायचो, पुसायला मन व्हायचं नाही. ते ओलं बोट वर्षभर बंद पेटीत.

तुमच्याकडे खुणा वेगळ्या असू शकतात. पितळी टोपणावर किंवा दस्त्याच्या पितळी पट्टीवर हिरवा कळंक असेल तर चामड्याच्या वेष्टनावर संशय घ्या, कारण साल वापरून कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं. शिशाच्या जुन्या गोळ्यांवर पांढरी भुकटी आली असेल तर पेटीचं लाकूड किंवा एमडीएफ बघा. त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते आणि शिसं तिला पहिलं बळी पडतं. चांदीची कलाकुसर काळी पडत असेल तर बनातीचं, म्हणजे लोकरी कापडाचं अस्तर. लोकरीत गंधक असतं. आणि सगळ्या बंदुकीवर एका रात्रीत, सारखा, पातळ तांबूस थर आला असेल तर तो दव आहे. त्याबद्दल प्रवासाच्या भागात.

मग हवाबंद पेटीत ओल आली कुठून?

याचं उत्तर मला हिशेब मांडल्यावर मिळालं. माझ्या पेटीत साधारण ५० लिटर हवा मावते. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे ५० लिटरमध्ये दीड ग्रॅम. एवढ्याशा पाण्याला सिलिका जेलच्या पाच ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या पुरायला हव्यात, आणि मी तर चार टाकत होतो. तरी गंज.

मी मोजलं नव्हतं ते दस्त्याचं लाकूड. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी असतं, ८५ टक्के असेल तर १७-१८ टक्के. एक किलोचा दस्ता धरा. कोकणातल्या पावसाळ्यानंतर त्यात कोरड्या दिवसांपेक्षा ८० ग्रॅम पाणी जास्त असतं. शिवाय फोमच्या दोन गाद्या, त्याही पावसाळी हवा पिऊन बसलेल्या. आणि आपण बंदूक पेटीत बंद कधी करतो? खंडेनवमीच्या संध्याकाळी. आश्विन महिना, पाऊस नुकताच ओसरलेला, घरातल्या भिंती, लाकूड, कापड सगळं वर्षातलं सर्वांत ओलं. त्या दिवशी आम्ही ते सगळं पाणी बंदुकीसकट पेटीत घालून चार कड्या लावत होतो. गॅस्केट उत्तम होतं. पाणी बाहेर जायला वावच नव्हता. आबांच्या लाकडी कपाटातून निदान डिसेंबर-जानेवारीत ते उडून जायचं.

पेटी कोणती घ्यावी हा प्रश्न मला खूप जण विचारतात. पेटी बंद कधी केली हा त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि त्याहूनही आधीचा प्रश्न हा की पेटी प्रवासासाठी हवी आहे की ठेवण्यासाठी. दुकानात मिळणारी फोमची पेटी प्रवासाची आहे. तिने धक्का सोसायचा, पाऊस अडवायचा, बंदूक हलू द्यायची नाही, कुलूप लावता यायला हवं. हे सगळं ती चार दिवस छान करते. तीनशे साठ दिवस करायला ती बनवलेलीच नाही. मी एकाच पेटीकडून दोन्ही कामं मागितली.

फोमबद्दल

पेट्यांमध्ये स्वस्तात मिळतो तो अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल, मऊ, करडा किंवा काळा पॉलियुरेथेनचा फोम. त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तो स्पंजासारखा ओल धरतो. शिवाय दमट हवेत तो स्वतःच कुजतो. काही वर्षांनी बोटाला चिकट लागतो, चुरा पडतो, आणि तो चुरा नळीला चिकटला की काढणं फार कष्टाचं. दस्त्यावरच्या जुन्या पॉलिशलाही तो धरून बसतो. पेटी नवी असताना घरी एक तुकडा कापून पाण्यात बुडवून दाबून बघा. बुडबुडे आले आणि तुकडा जड झाला तर तो हा फोम.

त्याच्या जागी बंद छिद्रांचा पॉलिएथिलीनचा फोम घ्यावा. पॅकिंगच्या दुकानात ‘ईपीई’ म्हणून पांढरा मिळतो, जास्त घट्ट हवा असेल तर ‘एक्सएलपीई’ किंवा ‘क्रॉसलिंक’ म्हणून मागा. पाण्यात दाबला तरी बुडबुडे येत नाहीत, पाणी पृष्ठभागावरच राहतं. संग्रहालयांतही वस्तू टेकवायला याच जातीचा फोम वापरतात. योगाच्या चटयांचा किंवा चपलांचा ईव्हीए फोम वापरू नका, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटू शकतं. एसीच्या पाइपांवरचा रबरासारखा काळा फोमही नको. आणि रेक्झिनचं अस्तर असलेली पेटी तर मुळीच नको. ते पीव्हीसी असतं आणि जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. लोखंडाला याहून वाईट शेजार नाही.

अमुक फोम चांगला की वाईट असा वाद घालण्यापेक्षा घरी चाचणी करता येते. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी आता जगभरातली संग्रहालयं वापरतात. बंद काचेच्या नळीत संशयित पदार्थ, धातूचा तुकडा आणि थोडी ओल, ६० अंशांना २८ दिवस. घरगुती पद्धतीत मी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. दोन्हींत घासून चकचकीत केलेला साधा लोखंडी खिळा, जस्ताचा मुलामा नसलेला, आणि ओल्या कापसाचा लहानसा बोळा, खिळ्याला न टेकणारा. एकीत पेटीतल्या फोमचा तुकडा, दुसरी तशीच. घट्ट झाकणं लावून फ्रिजच्या मागे उबेला महिनाभर ठेवल्या. फोमच्या बरणीतला खिळा दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त गंजला. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण पेटीत काय घालू नये हे ठरवायला पुरेसं आहे. अस्तराचं कापड, गोंद, लाकडाचा तुकडा, सगळं असंच तपासता येतं.

ठेवायची सोय

मी आता बंदूक पेटीत ठेवतच नाही. लोखंडी कपाटात उभी ठेवतो, नळीचं तोंड खाली, फोमच्या जाड तुकड्यावर टेकवून. तोंड वर ठेवलं तर नळीतलं आणि कुलपातलं तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. जुन्या दुनळ्यांचे दस्ते मानेपाशी तडकतात, त्यामागे पुष्कळदा हे मुरलेलं तेल असतं.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात ती भिंत ओली आणि थंड असते. आतल्या भिंतीपाशी, मागे चार बोटं जागा सोडून. कपाट भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने जखडा आणि ते घरात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडणार नाही असं बघा. काडतुसं, केप, दारू त्या कपाटात नको. ती वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत.

कोकणात पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात बारीक दिवा लावून ठेवायची जुनी रीत आहे, बुरशी येऊ नये म्हणून. तीच इथे उपयोगी पडते. २७ अंशांना ८८ टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत उबदार झाली की तिची आर्द्रता ६६ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण उबदार हवेला ते कमी वाटतं. मी कपाटाच्या तळाशी १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा लोखंडी जाळीच्या टोपीखाली लावला आहे. एलईडी चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही. कापड दिव्यापासून हातभर दूर हवं, आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्यासाठीच बनवलेल्या गरम दांड्याही मिळतात. त्या जास्त सुरक्षित, फक्त वीज गेली की दोन्ही निरुपयोगी, म्हणून सोबत सिलिका जेल असू द्यावं. पुड्या नव्हे, अर्धा किलोची कापडी पिशवी. नारिंगी दाण्यांचं घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते हाताळायला घातक. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांना दोन-तीन तास तापवले की पुन्हा तयार.

आर्द्रता मोजायला साधा डिजिटल मापक पुरतो, पण आधी तो खरं बोलतो का बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलाएवढं पाणी घाला, मापकासकट झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ आला पाहिजे. माझा पहिला मापक ६६ दाखवत होता. म्हणजे मी दोन पावसाळे ७० टक्क्यांना ६१ समजून निश्चिंत होतो. कपाटात ४५ ते ५५ ठेवायचा प्रयत्न करा. कोकणातल्या जुलैत ते जमत नाही, ६५ च्या खाली राहिलं तरी मी समाधान मानतो. पुणे, नगर, सोलापूरकडच्यांना उलटं सांगावं लागेल. एप्रिलच्या दुपारी तिथली हवा इतकी कोरडी असते की वर सिलिका जेलची भर घातली तर दस्ता आकसून तडकतो. तिथे उन्हाळ्यात पिशवी काढून ठेवा.

गिलाफ मांजरपाटाचा शिवा. रंगीत नको, मखमल नको, रेशीम नको. नव्या मांजरपाटाला खळ असते, ती ओलही धरते आणि कसरही बोलावते, म्हणून शिवायच्या आधी कापड दोनदा नुसत्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. दरवर्षी मार्गशीर्षात, हवा कोरडी असताना, गिलाफ पुन्हा धुवा. तीच वेळ बंदूक तपासायची. नळीवर मी आता तेल लावत नाही, मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतो. रेनेसाँ वॅक्स नावाचं मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं, तेच किंवा तसलं. वाटाण्याएवढं घेऊन पातळ पसरवायचं, दहा मिनिटांनी कापडाने चोळून काढायचं. बोटांचे ठसे त्याच्या वर राहतात, धातूपर्यंत जात नाहीत. आबा खोबरेल लावायचे. सगळं कोकण लावतं. पण खोबरेल खवट होताना आम्ल तयार होतं, आणि अळशीचं तेल सुकून चिकट पापुद्रा धरतं. दोन्ही लोखंडावर नकोत.

जुना गंज काढताना हात आवरा. चिंच, लिंबू, रांगोळी, काचपेपर, गिरणीची पॉलिशची चाकं, यांनी बंदूक लखलखते आणि तिचं जुनं तपकिरी अंग, कारागिराचा शिक्का, कंपनी सरकारच्या काळातल्या कुलपांवरचा तो सिंह, सगळं कायमचं जातं. जाणता संग्राहक अशा चकचकीत बंदुकीला हात लावत नाही. पातळ तेल लावून दोन दिवस मुरू द्या, मग बांबूची काडी आणि मऊ ब्रश. निघेल तेवढं काढा. खड्ड्याच्या तळाचा काळा, घट्ट थर राहिला तरी चालतो. तो वाढत नसेल तर त्याला छेडू नका.

कुंकवाचं काय केलं हे सांगतो, कारण हा प्रश्न घराघरात आहे. आईला नुसतं ‘लावू नको’ म्हणणं मला जमलं नसतं आणि योग्यही नव्हतं. मी तिला तो गोल खड्डा दाखवला. ती बराच वेळ बघत होती. आता पाटावर बंदूक गिलाफात ठेवतो, गिलाफाच्या टोकाला आईने लाल कापडाची पट्टी शिवली आहे, हळद-कुंकू तिथे लागतं. फुलं पाटावर. हात लावायचा तो सुती हातमोजे घालून. पूजा झाली की बंदूक परत कपाटात, दिवा चालू.

प्रवासाची पेटी

आमच्यासारख्यांची बंदूक प्रवास करते ती मुख्यतः परवाना नूतनीकरणाला, दुरुस्तीला आणि निवडणुकीच्या वेळी. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारं जमा करायला सांगितलं जातं, आणि निकालानंतर ती परत मिळतात. २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. मी बंदूक आणायला गेलो तेव्हा पाऊस सुरू झालेला होता. ओल्या कापडात बांधलेली बंदूक मी घरी आणून तशीच पेटीत ठेवली, ‘उद्या बघू’ म्हणून. भातलावणी निघाली आणि उद्या ऑगस्टमध्ये उजाडला. नळीवरचे सर्वांत खोल खड्डे त्या वर्षीचे आहेत.

म्हणून प्रवासाच्या पेटीचा पहिला नियम माझ्या दृष्टीने हा: घरी पोचल्यावर बंदूक तिच्यात एक रात्रही राहत नाही. फक्त एक अपवाद, दवाचा. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून २२ अंशांना थंड झालेली बंदूक रत्नागिरीच्या ३० अंशांच्या, ८० टक्के दमट हवेत उघडली तर ती लगेच घामेजते, कारण त्या हवेतलं पाणी २६ अंशांनाच दव बनून उतरतं. अशा वेळी पेटी न उघडता खोलीत ठेवा, बारा तास तरी, आतली बंदूक बाहेरच्या हवेइतकी उबदार होईपर्यंत. मग उघडा, पुसा, कपाटात. इथे मात्र गॅस्केट कामाला येतं. पेटीवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते अशी तिची चाचणी झालेली असते. विमानाने नेणार असाल तर हवेचा दाब समतोल करणारा छोटा व्हॉल्व्हही असावा, नाहीतर उतरल्यावर झाकण उघडत नाही.

माप घेताना लोक नळीची लांबी मोजतात आणि फसतात. गज धरून पूर्ण लांबी मोजा, घोडा उठलेला असताना जाडी मोजा, आणि दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटर फोमला सोडा. दुनळी असेल तर काम सोपं. नळी आणि दस्ता सुटे होतात, नळ्या २८ ते ३० इंच, म्हणजे ७१ ते ७६ सेंटिमीटर, त्यामुळे ८५ सेंटिमीटरची पेटी पुरते आणि गाडीत आडवी मावते. ठासणीची बंदूक सुटी करायच्या भानगडीत पडू नका. नळी धरणाऱ्या जुन्या खिळी आणि पट्ट्या एकदा सैल झाल्या की पूर्वीसारख्या बसत नाहीत.

फोम कापताना बंदुकीच्या आकाराची अचूक खाच कापायचा मोह होतो. दिसायला सुंदर, पण मग सगळी नळी फोमला टेकते. त्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी खोबणी असलेले उभे ठोकळे करा: एक दस्त्याच्या मागच्या भागाखाली, एक कुलपाच्या पुढे जिथे लाकूड जाड आहे तिथे, तिसरा नळीच्या पुढच्या पट्टीखाली. झाकणालाही त्यांच्यासमोरच ठोकळे. घोडा, निपल आणि गजाचं टोक कशालाही टेकता कामा नये. घोडा खाली आणून ठेवा, अर्धा उठवून नाही, आणि गज सुती फितीने बांधा. खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल गज आतून नळीचं तोंड घासत राहतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पेटी ठेवून जेवायला जाऊ नका. तिथली उष्णता लाकडाचं पॉलिश फोमला चिकटवते, आणि बंदूक गाडीत एकटी सोडणं तसंही बरोबर नाही. दोन्ही कुलपं लावा, मूळ परवाना स्वतःच्या खिशात ठेवा, पेटीत नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण यावर गैरसमज फार आहेत. ‘जुनी आहे म्हणजे परवाना लागत नाही’ हे चूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे ती जुनाट धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना, आणि त्यातही अशांनाच जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत. उडू शकणारी ठासणीची बंदूक पणजोबांची असली तरी परवान्याचीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. माळ्यावर विनापरवाना काही सापडलं तर पेटीच्या आधी पोलीस ठाणं आणि वकील.

राहिल्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या, लांब बंदुका. पाच-सहा फुटांच्या या बंदुकांना बाजारात पेटी मिळत नाही. ट्रंका बनवणाऱ्याकडून पत्र्याची लांब पेटी करून घेता येते. आत पॉलिएथिलीनचे ठोकळे, रंग पूर्ण वाळून वास गेल्यावरच वापरायची, म्हणजे महिना-दोन महिन्यांनी. दस्ता सरळ आणि अरुंद असेल, जसा या बंदुकांचा बहुधा असतो, तर एका दिवसाच्या प्रवासापुरता सहा इंची जाड पीव्हीसी पाइपही चालतो. मी एका मित्राची बंदूक तशी कोल्हापूरला नेली आहे. तीन ठिकाणी फोमच्या कड्या, वर मांजरपाट, दोन्ही टोकांना झाकणं आणि एका बाजूला कडी-कोयंडा. परत आल्यावर बंदूक त्याच संध्याकाळी बाहेर काढली. त्यात ती ठेवून द्यायची नाही, कारण पाइप पीव्हीसीचा आहे.

माझ्या बंदुकीवर गेल्या खंडेनवमीला नवा गंज नव्हता. कुलपाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे माझा ब्रश पोचत नाही, तिथून मात्र अजून तांबूस तेल पाझरतं. ती पट्टी उघडायला योग्य मापाचा पेचकस आणि शांत हात लागतो, नाहीतर जुन्या स्क्रूंची डोकी जातात. यंदा मार्गशीर्षात दुरुस्तीवाल्याकडून ती उघडून, धुऊन, मेण लावून घेणार आहे. नव्या ठोकळ्यांची पेटी त्यासाठीच तयार करून ठेवली आहे.